आधी कान, मग चित्रं?

ती. ताईस,
छोटूचा चित्रकलेचा क्लास बंद केल्याचं कळलं. ‘आधी नीट ऐकू येऊ दे, बोलू दे, मग बघू’ असं लिहिलंस. स्पीच थेरपीत खंड पाडू नकोच. पण ते ‘मग बघू’ मला पटत नाही.

चित्रकार सतीश गुजराल यांचंच बघ. झेलमचे, जन्म १९२५ चा. आठव्या वर्षी काश्मीरमध्ये कच्च्या पुलावरून घसरून नदीत पडले. पाय मोडले, त्याच दुखण्यात कानही गेले. पायांवर ऑपरेशनांवर ऑपरेशनं. ऐकू येत नाही म्हणून शाळा घेईनात. १९३९ साली लाहोरच्या मेयो स्कूलमध्ये नाव घातलं. तिथे नुसती चित्रकला नव्हती. दगडकाम, लाकूडकोरीव, धातूकाम, मातीकाम, भूमिती, सगळं हाताने करायचं. पुढे मुंबईचं जे. जे., तेही आजारपणामुळे सुटलं. १९५२ मध्ये मेक्सिकोला रिवेरा आणि सिकेरोस या चित्रकारांकडे शिकायला गेले.

देव एक काढून घेतो आणि दुसरं देतो, असं आपल्याकडे सगळे म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. बहिरेपणाने त्यांना काही दिलं नाही. दिलं ते लाहोरच्या कामाने. म्हणून तर वास्तुकलेची पदवी नसताना दिल्लीतल्या बेल्जियन दूतावासाची लाल विटांची, घुमटांची इमारत त्यांनी घडवली. ऐकू येण्यासाठीचं कॉक्लिअर इम्प्लांट झालं ते थेट १९९८ साली. तोवर चित्रं, म्युरल्स, इमारती, सगळं होऊन गेलं होतं, ताई!

दिवाळीत छोटू किल्ला करत होता, आठवतं? आइस्क्रीमच्या काडीने पायऱ्या कापत होता. एक ढासळली, तर काडी आडवी धरून वरच्या पायरीची उंची मोजली आणि तेवढीच पुन्हा कापली. बुरुजाला भेग पडली की ओलं बोट फिरवायचा, मग अंगठ्याने दाबायचा. मागे लवंगीची माळ लागली, पोरं पळाली, त्याने मानही वर केली नाही. तू पदराने डोळे पुसलेस. माझं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे होतं.

क्लास नको तर नको. पेण तुम्हाला जवळ आहे. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत वर्षभर काम चालतं आणि तिथे बोलून कमी, करून दाखवून जास्त शिकवतात. मे महिन्यात मी येतेच आहे, तेव्हा त्याला घेऊन जाऊ. तोवर शाडूची एक गोणी आणून ठेव. अंगण घाण होईल, होऊ दे.

भाऊजींना नमस्कार, छोटूला पापा.

तुझी,
धाकटी