ऊब आणि साद

बदलीनिमित्त देहरादूनला असताना आम्ही कोंबड्या पाळल्या आणि उबवणी यंत्रही आणले. यंत्राला सुमारे 37.5 अंश सेल्सिअस उष्णता, पुरेसा ओलावा आणि 18 दिवस अंडी फिरवणारा हात हवा; वीज गेली की आमची झोप उडे. खुडूक कोंबडी हे सारे पंखांखाली निमूटपणे सांभाळी. पिले दोन्हीकडे साधारण 21व्या दिवशीच बाहेर पडत. परंतु अखेरच्या दिवसांत कोंबडी अंड्यांशी हळूच बोले आणि कवचाआडून चिवचिव उत्तर येई. यंत्रातल्या पिलांना दाणा टिपणेही आम्हांलाच बोटाने टकटक करून शिकवावे लागले. आजीच्या पत्राला हिंदीत उत्तर लिहिणाऱ्या आमच्या मुलांशी घरात मराठीतच बोलण्याचा नेम आम्ही तेव्हापासून धरला.