एका पोत्याची बेगमी

ऑगस्ट लागला की न्यू मेक्सिकोत किराणा दुकानांच्या पार्किंगमध्ये लोखंडी जाळीची पिंपं येऊन उभी राहतात. बाजूला गॅसच्या ज्वाळा, आत हिरव्या मिरच्या आणि पिंप गरागरा फिरवणारा एक माणूस. काही मिनिटांत सालं काळी पडून फुटतात. तो वास गाडीच्या बंद काचांनाही जुमानत नाही. इथे मिरची घ्यायची ती पोत्याने. 25 पौंडांचं पोतं, म्हणजे 11 किलोंहून थोडं जास्त.

आपल्या कानांना हा आकडा वेडगळ वाटतो. मी जळगावची आहे, तिखटाला भिणाऱ्या घरातली नाही. पण आमच्याकडेही हिरवी मिरची मोजून पडते: भरताला सात, वरणाला दोन. इथली मिरची वीतभर लांब, जाड गराची असते आणि ती भाजीसारखी खातात. न्यू मेक्सिकोने 1965 साली घेवड्याच्या दाण्यांसोबत तिला राज्याची अधिकृत भाजीच करून टाकलं. हॅच नावाच्या रिओ ग्रँदेकाठच्या छोट्या गावाच्या नावाने ती विकली जाते, पण तिचं आजचं रूप लास क्रुसेसच्या कृषी महाविद्यालयात घडलं. फाबियान गार्सिया हा मेक्सिकोत जन्मलेला, आजीचं बोट धरून इकडे आलेला पोरका मुलगा. तो तिथे शिकला आणि पुढे गुळगुळीत, मांसल, सोलायला सोपी मिरची तयार करण्यामागे लागला. 1975 साली आलेली ‘बिग जिम’ ही प्रसिद्ध जात रॉय नाकायामांची. त्यांचे आईवडील जपानहून आलेले. इथल्या मातीची म्हणून जी मिरची मिरवतात, ती अशी बाहेरून आलेल्यांच्या हातची आहे.

भाजण्याचं कारण चवीइतकंच सालाचं. आपल्या लवंगी मिरचीचं साल जाणवतही नाही, हिचं मात्र दाताखाली प्लास्टिकसारखं येतं. भाजलेल्या गरम मिरच्या पिशवीत तोंड बांधून ठेवायच्या. त्या स्वतःच्याच वाफेत घामेजतात आणि साल सुटतं. मग नुसत्या बोटांनी पुसून काढायचं. नळाखाली धरलं तर धुराची चव पाण्याबरोबर जाते. हातमोजे नसतील तर आधी हाताला तेल लावावं, कारण तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. तो बियांतही नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात, तिच्यात असतो. मी निम्म्या मिरच्यांची शीर काढते, निम्म्या तशाच ठेवते.

वर्षभरासाठी त्या सालासकट गोठवायच्या. एका पिशवीत सात-आठ मिरच्या. वितळल्यावर साल आणखी सहज निघतं.

ही सगळी माहिती मला इथे आल्या वर्षीच झाली होती. तरीही सहा वर्षं आम्ही मिरची पौंडानेच आणली, आठवड्यापुरती. पोतं म्हणजे पुढच्या ऑगस्टपर्यंत आपण इथेच आहोत असं धरून चालणं, आणि कामाच्या व्हिसावर राहणाऱ्याला ते धरता येत नाही. नोकरी गेली तर हातात 60 दिवस असतात. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब असंच गेलं. जाताना त्यांनी फ्रीझर रिकामा केला तेव्हा मटाराच्या, खोबऱ्याच्या पिशव्या आमच्याकडे आल्या. दुसऱ्याची बेगमी खाताना घास जड होतो.

याच काळात तिकडे जळगावात आईने वर्षाचं तिखट करणं बंद केलं. आमच्या घरी एप्रिलमध्ये गच्चीवर मिरच्या वाळायच्या, डेखं खुडायला शेजारणी यायच्या, आणि गिरणीतून डबा आला की बाबा नाकाला रुमाल लावून बरणी भरायचे. बाबा गेले. पुढच्या एप्रिलमध्ये आई म्हणाली, “एकटीला दोनशे ग्रॅमचं पाकीट पुरतं गं.” मला त्या पाकिटाने जितकं रडवलं तितकं गच्चीवरच्या मिरच्यांनी कधी रडवलं नव्हतं.

त्या वर्षी आम्ही पोतं आणलं. ग्रीन कार्डाचं काहीच हललं नव्हतं. भारतीयांची रांग फार मोठी आहे. नवरा म्हणाला, “एवढ्याचं करायचं काय?” मी म्हटलं, “खायचं.” रात्री अकरापर्यंत आम्ही पिशव्या भरल्या आणि प्रत्येकीवर महिना-वर्ष लिहिलं. 22 भरल्या.

इथले लोक हिचा बटाटे आणि डुकराचं मांस घालून रस्सा करतात. आम्ही मांस वगळून मक्याचे दाणे घालतो. पिठल्यात कांद्याबरोबर दोन मिरच्या चिरून टाकल्या तर चुलीवरचा वास येतो. थालीपिठाच्या पिठात एक मळते. ठेचा मात्र जमत नाही. गर जाड, पाणी फार. खलबत्त्यात लगदा होतो. त्यासाठी भारतीय दुकानातल्या बारीक मिरच्या तव्यावर भाजते. आई व्हिडिओवर पाहते आणि म्हणते, “ही मिरची आहे की दोडका?”

आई अजून पाकीटच आणते. मी आग्रह करत नाही. पण परवा तिने विचारलं, “तुझ्या किती उरल्यात?” मी फ्रीझर उघडून मोजल्या. नऊ. आमचा व्हिसा मेपर्यंतचा आहे, पिशव्या ऑगस्टपर्यंत जातील.

“मग आता पिठलं सढळ हाताने कर,” आई म्हणाली. “जपून ठेवलेलं शेवटी खायचंच असतं.”