खुष्कीचा सेनानी, दर्याचा कारभारी

#थ्रेड
१/ ३१ मे १८७८. सकाळची वेळ, हवा स्वच्छ. इंग्लंडच्या फोकस्टन गावासमोरून जर्मनीच्या तीन चिलखती युद्धनौका चालल्या होत्या. दोन शिडाची जहाजे आडवी आली. त्यांना वाट देण्यासाठी 'ग्रोसर कुर्फ्युर्स्ट' वळली. मागोमाग 'क्योनिग विल्हेल्म'वर हुकूम सुटला, पण सुकाण्यावरील खलाशांनी त्याचा उलटा अर्थ घेतला.

२/ 'क्योनिग विल्हेल्म'ची पोलादी सोंड आपल्याच सोबतिणीच्या कुशीत घुसली. महिन्याभरापूर्वी सेवेत आलेली नवी कोरी नौका काही मिनिटांत तळाशी गेली. अडीचशेहून अधिक माणसे बुडाली. शत्रू नव्हता, वादळ नव्हते. मग दोष कोणाचा? बोटे वळली ती बर्लिनमधील एका माणसाकडे. तो दर्यावर्दी नव्हताच.

३/ आल्ब्रेख्ट फॉन श्टोश. जन्म १८१८, कोब्लेन्झ. लष्करी घराणे, पायदळातील नोकरी. १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात संपूर्ण सैन्याच्या रसदीची व्यवस्था त्याच्याकडे होती. परमुलखात शिरलेल्या लाखो माणसांना रोजचे अन्न पोहोचवायचे, हे काम तलवार गाजवण्याइतके दिसत नाही. पण ते चुकले की तलवारही चालत नाही.

४/ त्याच युद्धात प्रशियाचे नौदल जवळजवळ बंदरातच बसून राहिले. फ्रेंच आरमार कितीतरी मोठे. खुष्कीवर साम्राज्य उभे राहिले आणि त्या यशात नौदलाचा वाटा नगण्य ठरला. १८७२ च्या आरंभी नवे आरमार खाते स्थापन झाले. त्याच्या प्रमुखपदी नेमणूक झाली ती एका रसदप्रमुखाची.

५/ नौदलातील जुन्या अधिकाऱ्यांना हे झोंबले. ज्याने कधी जहाज हाकले नाही, त्याने आम्हांस दर्या शिकवावा? राग समजण्याजोगा होता. पण श्टोशला जे येत होते, त्याचीच त्या वेळी वाण होती: हिशेब, शिस्त, वेळापत्रक आणि संसदेकडून पैसा मंजूर करून घेण्याचे कसब.

६/ १८७२ मध्येच कील येथे नौदल अकादमी सुरू झाली. १८७३ मध्ये दहा वर्षांची नौकाबांधणी योजना मंजूर झाली. जहाजे शक्यतो स्वदेशी गोद्यांतच बांधावीत, हा त्याचा आग्रह. 'क्योनिग विल्हेल्म' इंग्लंडमध्ये बांधलेली होती; 'ग्रोसर कुर्फ्युर्स्ट' विल्हेल्म्सहाफेनच्या गोदीत. टॉर्पेडोचे काम त्याच्याच काळात तरुण टिर्पिट्झकडे आले.

७/ बर्लिनमध्ये त्याचा मोठा वैरी म्हणजे खुद्द बिस्मार्क. श्टोश युवराज फ्रीडरिखच्या विश्वासातला. युवराज गादीवर आला तर हाच चॅन्सेलर होईल, हा संशय. १८७७ मध्ये बिस्मार्कने संसदेत त्याच्यावर उघड टीका केली. श्टोशने राजीनामा दिला. सम्राटाने तो स्वीकारला नाही. त्याच वर्षी पाण्यात उतरलेल्या एकाच वर्गातील दोन नौकांची नावे होती 'बिस्मार्क' आणि 'श्टोश'!

८/ आणि पुढच्याच वर्षी फोकस्टन. टीकाकारांचे म्हणणे असे: पलटण जशी झटपट उभी करावी, तशी नौका उभी करण्याची घाई झाली, नवख्या खलाशांना एकमेकांची ओळख होण्याआधीच नौका समुद्रात काढली गेली, कवायतीचा अतिरेक झाला आणि दर्याची समज मागे राहिली.

९/ या आरोपांत तथ्य होते. पण सुकाणू चुकीच्या बाजूस फिरवणारे हात बर्लिनमधले नव्हते, हेही खरे. श्टोशची खरी कसोटी अपघातानंतर लागली आणि तेथे तो उणा पडला. चौकशीचे प्रमुख रिअर अॅडमिरल व्हेर्नर यांनी कठोर शब्दांत दोष दाखवले, तेव्हा त्यांनाच सेवेतून जावे लागले. रसदीचा हिशेब चोख ठेवणाऱ्याला स्वतःच्या खात्याचा हिशेब सोसवला नाही.

१०/ खटले लांबत गेले, तट पडले. १८८३ मध्ये श्टोशने पद सोडले. त्याच्या जागी पुन्हा लष्करातलाच सेनापती आला, काप्रीव्ही; तोच १८९० मध्ये बिस्मार्कनंतरचा चॅन्सेलर झाला. ज्या युवराजामुळे श्टोशवर संशय होता, तो १८८८ मध्ये गादीवर आला खरा, पण दुर्धर आजाराने ९९ दिवसांतच वारला.

११/ श्टोश १८९६ मध्ये निवर्तला. त्याने उभारलेल्या पायावर पुढे टिर्पिट्झने प्रचंड आरमार रचले. पण त्या पायात अडीचशेहून अधिक खलाशीही आहेत. संस्था उभारणाऱ्याला आपल्या कर्तृत्वाची यादी करताना ही नावे वगळता येत नाहीत.

१२/ १८८८ मध्ये काप्रीव्हीनंतर, सोळा वर्षांनी प्रथमच, आरमार खात्याच्या प्रमुखपदी नौदलाचा माणूस बसला. त्याचे नाव काउंट मोन्ट्स. ३१ मे १८७८ रोजी बुडत्या 'ग्रोसर कुर्फ्युर्स्ट'चा कप्तान तोच होता. (समाप्त)