कुणकेश्वरच्या तीरावर

आमचे हिमायतनगर म्हणजे पूर्वीचे वाढोणा. येथील परमेश्वराचे देवालय प्रसिद्ध असून महाशिवरात्रीस त्याची मोठी यात्रा भरते. पैनगंगा आम्हांस जवळची. समुद्र मात्र शेकडो कोस दूर. पंच्याऐंशीच्या घरात पोहोचलेल्या आमच्या आत्याबाईंस एकदा तरी समुद्रस्नान घडावे, अशी फार दिवसांची इच्छा होती. म्हणून यंदा आम्ही त्यांस घेऊन कुणकेश्वरास गेलो.

नांदेडवरून मुंबई, तेथून कोकण रेल्वेने कणकवली व पुढे मोटारीने देवगड तालुक्यात, असा हा प्रवास. देवालय अगदी लाटांच्या काठी आहे. कणक नावाच्या बांबूच्या राईतला ईश्वर म्हणून हा कुणकेश्वर, असे सांगतात. महाशिवरात्रीस येथेही यात्रा असते व गावोगावच्या देवांच्या पालख्या समुद्रस्नानास येतात. समुद्र दृष्टीस पडताच आत्याबाई उद्गारल्या, "अगं बाई, याला पैलतीरच नाही!"

स्नान व दर्शन आटोपल्यावर तेथील एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस स्थळाची आख्यायिका सांगितली. एका मुसलमान व्यापाऱ्याचे गलबत रात्री वादळात सापडले. किनाऱ्यावर त्यास मिणमिणता दिवा दिसला. 'वाचलो तर तेथे देवालय बांधीन,' असा त्याने नवस केला व तो तरला. बोलल्याप्रमाणे त्याने देवालय बांधले. परंतु आता स्वधर्मीय आपणांस जवळ करणार नाहीत, या विचाराने त्याने शिखरावरून उडी घेऊन देह ठेवला. त्याची कबर देवालयाजवळच दाखवितात.

आत्याबाई बराच वेळ स्तब्ध होत्या. १९४८ च्या उन्हाळ्यात, निजामी राजवटीच्या अखेरच्या धामधुमीत, त्यांच्या वडिलांनी भरले घर टाकून बिऱ्हाड उमरखेडच्या बाजूस हलविले होते. त्या दिवसांची गोष्ट निघाली की त्यांचा स्वर कठोर होई व परधर्मीयांविषयी त्या चांगले बोलत नसत. कबरीची गोष्ट ऐकून त्या आता रागावणार, अशी आम्हांस भीती वाटली.

परंतु त्या म्हणाल्या, "बाबांच्या खांद्यावर बसून मी पैनगंगा उतरले. सारा काळोख. पैलतीरी कोणाच्या तरी झोपडीत दिवा होता. त्याच्याच रोखाने बाबा चालले. तो दिवा कोणाचा, हे आम्ही कधी विचारलेसुद्धा नाही."

हे आम्ही प्रथमच ऐकत होतो. परडीतली उरलेली फुले घेऊन त्या काठी टेकीत कबरीकडे गेल्या, ती तेथे वाहिली आणि हात जोडून उभ्या राहिल्या. आम्हीही मागे उभे राहिलो.

परतीच्या वाटेवर त्या फारसे बोलल्या नाहीत. गाडी नांदेडच्या पुढे आली तेव्हा एवढेच म्हणाल्या, "येत्या शिवरात्रीस परमेश्वरापुढे एक दिवा जास्त लावू." तो कोणासाठी, हे आम्ही विचारले नाही. वाचकांपैकी कोणी कुणकेश्वरास गेल्यास त्यांनी देवदर्शनानंतर ती कबरही अवश्य पाहून यावी.