लेहची वाट आणि हेल्मेटवरचा कॅमेरा

मनालीहून लेहला जाणारा रस्ता वर्षातले काही महिनेच खुला असतो. बर्फ हटवून वाट मोकळी झाली, की देशभरातून मोटारसायकलस्वारांचे जथे येऊ लागतात. पुण्या-मुंबईची मंडळी आपल्या गाड्या रेल्वेने चंदीगडपर्यंत पाठवतात, स्वतः मागून जातात आणि तिथून हिमालयाची वाट धरतात. पूर्वी परतणाऱ्याच्या सामानात फोटोंचे दोन-तीन रोल असत. आता हेल्मेटच्या हनुवटीवर काडेपेटीहून थोडी मोठी, काळी डबी चिकटवलेली दिसते. प्रवासात जे डोळ्यांना दिसते, ते सारे ही डबी टिपत जाते.

या डबीची कथा गमतीची आहे. निक वुडमन हा अमेरिकन तरुण २००२ साली समुद्रलाटांवर स्वार होण्यासाठी ऑस्ट्रेलियाला गेला होता. लाटेवर असताना स्वतःचे फोटो काढता येत नाहीत, ही त्याची अडचण. त्यातून २००४ मध्ये गोप्रोचा पहिला कॅमेरा बाजारात आला. तो मनगटाला बांधायचा आणि त्यात साधी ३५ मिलिमीटरची फिल्म घालायची! आज डीजेआय, इन्स्टा३६०, एसजेकॅम अशी कितीतरी नावे दुकानात दिसतात आणि किमती पाच हजारांच्या आतून सुरू होऊन पन्नास हजारांच्या घरात जातात.

लेहचा प्रवास ही बहुतेकांसाठी आयुष्यातून एकदाच जमणारी गोष्ट. रजा शिल्लक टाकून, घरखर्चातून पैसे वाचवून निघालेल्या माणसाला पेट्रोल, मुक्काम, गरम कपडे आणि गाडीची डागडुजी यांचा हिशेब आधीच जड झालेला असतो. त्यात कॅमेऱ्यासाठी किती मोडायचे? आणि स्वस्तातला घेतला, तर घरी वाट पाहणाऱ्या आईवडिलांना, मुलांना दाखवायला हाती काय उरेल? याचे उत्तर दुकानातल्या काचेच्या कपाटापेक्षा त्या रस्त्यावरच जास्त स्पष्ट मिळते.

पहिली परीक्षा अटल बोगद्यात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा रोहतांग खिंडीच्या पोटातून जातो आणि ४६ किलोमीटरचा फेरा वाचवतो. आत दिव्यांचा मंद उजेड, बाहेर पडताच लाहौलचे लखलखते ऊन. बऱ्या कॅमेऱ्याला हा बदल क्षणात उमजतो. सुमार कॅमेऱ्यात मात्र बोगद्यातले चित्र दाणेदार, काळपट येते आणि तोंडाशी पोचल्यावर सारा पडदा पांढराफटक होतो. समोरचे हिमशिखर त्या पांढऱ्या धुक्यात हरवते.

इथेच डब्यावरच्या ‘फोर-के’ या अक्षरांचा फोलपणा कळतो. फोर-के म्हणजे चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू. पुष्कळ स्वस्त कॅमेऱ्यांचा संवेदक मुळात इतके बिंदू टिपतच नाही. थोडके टिपलेले चित्र ताणून मोठे केले जाते, दुधात पाणी घालावे तसे! घरच्या टीव्हीवर किंवा मोबाईलवर पाहायचे, तर २१ लाख बिंदूंचे, म्हणजे १०८० रेषांचे खरे चित्र खोट्या फोर-केपेक्षा केव्हाही उजवे.

पुढे तांदी येते. इथे चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होतो आणि चंद्रभागा म्हणून ती पुढे वाहू लागते. पंढरीच्या वाटेने गेलेल्या मराठी माणसाला हे नाव ऐकून गहिवरून येते, पण ही चंद्रभागा वेगळी, खाली उतरल्यावर चिनाब म्हणून ओळखली जाणारी. तांदीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरून घ्यायची, ही स्वारांची जुनी रीत. कॅमेऱ्याच्या बॅटरीलाही तोच नियम लागू पडतो. थंडीत लिथियम बॅटरीची ताकद घटते. घरी तासभर चालणारी बॅटरी बारालाचा खिंडीत, सुमारे १६,००० फुटांवर, त्याच्या बऱ्याच आधी मान टाकते. म्हणून बॅटरी बदलता येणारा कॅमेरा घ्यावा, दोन जादा बॅटऱ्या सोबत ठेवाव्यात आणि त्या जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत बाळगाव्यात. रात्री त्यांची जागा पांघरुणात.

सरचूच्या पुढे गाटा लूप्स. एका डोंगराच्या अंगावर रस्त्याने घेतलेली एकवीस वळणे! कॅमेऱ्याची खरी कसोटी लागते ती इथे. एका सिलिंडरच्या इंजिनाचा धडधडाट, खडबडीत रस्ता आणि सतत कलंडणारी गाडी. साध्या कॅमेऱ्यातले चित्र अशा वेळी जेलीसारखे लिबलिबते. घरच्यांना ते पाच मिनिटे पाहिले तरी गरगरायला लागते. कॅमेऱ्याची हालचाल ओळखून चित्र स्थिर ठेवणारी सोय हवी, ती यासाठी. ही सोय चित्राच्या कडा थोड्या कापून घेते, पण तेवढे सोसावे. गोप्रोने २०१८ च्या हीरो-७ ब्लॅक या मॉडेलपासून ती फार चांगली दिली. त्यामुळे कमी पैशांत हौस भागवायची, तर अनोळखी नावाच्या नव्याकोऱ्या कॅमेऱ्यापेक्षा नामांकित कंपनीचे दोन-चार वर्षे जुने मॉडेल, अगदी वापरलेले सुद्धा, अधिक शहाणपणाचे. वापरलेले घेताना भिंगावर चरे नाहीत ना, बॅटरी फुगलेली नाही ना आणि झाकणाचे रबर शाबूत आहे ना, एवढे निरखावे. शक्य झाल्यास विकणाऱ्याच्या देखत गल्लीतल्या गतिरोधकांवरून दहा मिनिटे गाडी चालवावी आणि ते चित्रण मोठ्या पडद्यावर पाहावे. माहितीपत्रक वाचून जे समजत नाही, ते या दहा मिनिटांत समजते.

‘हातात चांगला मोबाईल आहे, तोच हँडलला अडकवू’ असाही विचार पुष्कळजण करतात. त्यांनी सावध राहावे. ताकदवान इंजिनाच्या मोटारसायकलींच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याचे स्थिरीकरण बिघडू शकते, अशी सूचना खुद्द अॅपल कंपनीनेच २०२१ मध्ये दिली होती. शिवाय या निर्मनुष्य टापूत मोबाईल म्हणजे नकाशा आणि वेळप्रसंगी मदतीचा एकमेव दोर. तो धोक्यात घालू नये हे बरे.

कॅमेऱ्याची जागा हनुवटीपाशी उत्तम. हँडल, हात आणि रस्ता असे तिन्ही दिसते, शिवाय मान वळेल तिकडे चित्र वळते. हँडलवर कंपने जास्त आणि हेल्मेटच्या टाळूवर वाऱ्याचा मारा. चिकटपट्टी निघण्याच्या दिवशी लावू नये, एक दिवस आधी लावून मुरू द्यावी, आणि कॅमेऱ्याला बारीक दोरीही बांधावी. हेल्मेटला भोक मात्र कदापि पाडू नये, आयएसआय शिक्क्याच्या हेल्मेटची मजबुती त्याच कवचात असते. केरळच्या मोटार वाहन विभागाने तर २०२२ मध्ये हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांविरुद्ध दंडाची मोहीमच काढली होती. अशी काही अडचण वाटली, तर छातीवरचा पट्टा आहेच. चालत्या गाडीवर कॅमेऱ्याची बटणे चाचपणे हा तर जिवाशी खेळ. समोरून येणारा लष्करी ट्रक चित्रीकरणासाठी थांबत नाही!

पांगच्या पुढे मोरे मैदान लागते. पंधरा हजार फुटांवर सुमारे चाळीस किलोमीटर सपाट, मोकळा प्रदेश. इथे प्रत्येकजण कॅमेरा सुरू करतो आणि बंद करायला विसरतो. सेकंदाला ६० मेगाबिट वेगाने चित्रण करणारा कॅमेरा तासाला २७ गिगाबाइट जागा खातो, म्हणजे ६४ गिगाबाइटचे कार्ड सव्वादोन तासांत भरले. पुढचा तांगलांग ला, साडेसतरा हजार फुटांच्या आसपासचा, त्या कार्डात मावतच नाही. कार्डावर यू-३ किंवा व्ही-३० अशी खूण असावी आणि ते खात्रीच्या दुकानातूनच घ्यावे, कारण बाजारात नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. मोठ्या एका कार्डापेक्षा मध्यम आकाराची दोन बरी, एक हरवले तरी अर्धा प्रवास हाती राहतो. चित्रणही दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचेच करावे. मोरे मैदानाचा अखंड पाऊण तास घरातले कोणीही पाहत नाही, हौसेने काढणारा सुद्धा. लष्करी तळ आणि पहारा असलेले पूल दिसताच कॅमेरा बंद ठेवावा, हे सांगायला नकोच.

वाऱ्याच्या घोंघाटावर उपाय म्हणजे हेल्मेटच्या आत, गालाच्या गादीमागे बसवलेला छोटा मायक्रोफोन. तो कॅमेऱ्याला जोडता येईल की नाही, हे खरेदीच्या वेळीच विचारावे. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत ती सोय नसते. त्यांची पाणी-रोधक डबी आवाज दाबते ते वेगळेच, आणि थंडीत तिच्या आतून वाफ धरते.

उपशीला सिंधू भेटते आणि तिच्या सोबतीने संध्याकाळपर्यंत लेह गाठता येते. मुक्कामी पोचल्यावर गरम चहाच्या आधी कार्डांची एक प्रत करून ठेवणारे स्वार शहाणे. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना खार्दुंग ला खुणावतो. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट अशी उंची मिरवत होती. मोजणीत ती भरली ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट. काही महागड्या कॅमेऱ्यांत जीपीएस असतो आणि चित्राच्या कोपऱ्यात उंचीचा आकडाही उमटतो. त्यासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. पाटीपाशी फोटोसाठी रांग लावलेल्या मंडळींना त्या आकड्याची फारशी पर्वा नसतेच.