न्यूट्रलवरचं बटण

बटण बदलणं म्हणजे काय मोठं काम? दोन वायरी, दोन स्क्रू. असं आमच्या पोरांचं म्हणणं. पण वाशिंदच्या आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात त्या दोन वायरींनी माझी अख्खी दुपार खाल्ली.

तिथं संध्याकाळी पोरं-पोरी अभ्यासाला बसतात. एक बटण दाबलं की चरचर व्हायची, जळका वास सुटायचा. कार्यकर्ते निवेदन लिहीत बसलेले. म्हणलं, लिहा, द्यायलाच पाहिजे. पण पहिला मेन स्विच पाडा. पाडला, तरी टेस्टर लावून बघितलं. मेन बंद आहे ह्या दुसऱ्याच्या शब्दावर आत हात घालायचा नसतो.

फळी काढली. आत पत्र्याची पेटी, जेमतेम दोन बोटं खोल. भिंत कमी फोडावी लागावी म्हणून ठेकेदाराने उथळ पेटी मारलेली. आत सांडलेलं प्लॅस्टर तसंच वाळलेलं. त्यात पाच वायरी कोंबलेल्या, सगळ्या एकाच रंगाच्या. लाल कुठली, काळी कुठली, कोण सांगणार? आमच्या वस्तीत कोण बघायला येतंय!

म्हणून सगळ्यांना लांब केलं, बल्ब काढला, बटण बंद ठेवून मेन चालू केला. होल्डरमध्ये टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला.

मित्रांनो, हे नीट समजून घ्या. बटण फेजवर पाहिजे. इथं ते न्यूट्रलवर होतं. अशा वेळी बटण बंद केलं की दिवा विझतो, पण करंट होल्डरमध्येच असतो. उद्या एखादं पोरगं स्टुलावर चढून बल्ब बदलायला जाईल. बटण तर बंद आहे. आणि बोटाला 230 व्होल्ट. नुसत्या न्यूट्रलवर बटण घालू नये हे 1956 च्या विद्युत नियमांत होतं, त्यांच्या जागी आलेल्या नियमांतही आहे. नियम होता, काम आमच्या वस्तीतलं होतं.

मेन पाडून जोड फिरवले. दिव्याची एक वायर सरळ न्यूट्रलला, दुसरी बटणातून फेजला. पण नवीन बटणाची पाठ जुन्यापेक्षा लांब. बसेना.

"दादा, दाबा ना जोरात. फळी मारल्यावर कोणाला दिसतंय?"

ठेकेदारही असंच म्हणाला असणार. दाबून बसवलं की वायर स्क्रूतून ढिली होते, ढिल्या जागी ठिणगी पडते. नाहीतर पत्र्याची धार वायरीची साल काढते आणि अख्खी पेटी करंट मारते.

छिन्नीनं प्लॅस्टर खरवडलं. वायरीचं जळकं टोक तेवढंच कापलं, कारण आखूड झालेली वायर पुढच्या खेपेला बाहेर येत नाही. जोडांना टेप मारून ते मागच्या कोपऱ्यात सारले. वायरी बटणाच्या पाठीमागं नाही, बाजूनं नागमोडी घडी घालून बसवल्या. जुनी ॲल्युमिनियमची वायर पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, म्हणून एकदाच, अंगठ्याने, हळू. तरीही फळी थोडी वर राहिली. मग खाली लाकडाची चौकट दिली. दिसायला बरी नाही. असू द्या.

हे करता करता पोरांना विचारलं, बाबासाहेब वीजखात्याचे मंत्री होते हे ठाऊक आहे का? एकालाही नाही. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि वीज त्याच खात्याकडे होती. 25 ऑक्टोबर 1943 च्या बैठकीत वीज स्वस्त आणि भरपूर हवी असं ते सांगत होते. कशासाठी? उद्योग वाढावेत, गरिबाची दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका व्हावी. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ झालं ते त्यांच्याच कारकिर्दीत. वाशिंदवरून जाणाऱ्या रेल्वेच्या तारांत वीज 1930 च्या आसपासच आली. त्याच रुळांच्या अलीकडं माझी आजी पुढं कित्येक वर्षं चिमणीच्या उजेडात भाकरी थापायची. ह्या तालुक्यातलं तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं, ते वेगळंच.

पोरांच्या निवेदनात "बटण नादुरुस्त" असं लिहिलेलं. ते खोडायला लावलं. लिहा : बटण न्यूट्रलवर, पेटी उथळ, वायरी एकाच रंगाच्या. आता "नवीन बटण देतो" म्हणून सुटता येणार नाही.

अजून तीन बोर्ड उघडायचे राहिलेत. रविवारी या. येताना टेपचं बंडल आणा, आणि घरातलं पोरगं-पोरगी शिकायला घेऊन या.