गॅलरीचं लोखंड

गॅलरी पडली की चर्चा सिमेंटच्या भेसळीपासून सुरू होते. माझा संशय आधी लोखंडाच्या जागेवर जातो, प्रमाणावर नंतर. भिंतीतून बाहेर आलेल्या, पुढे कसलाच आधार नसलेल्या स्लॅबमध्ये ताण वरच्या अंगाला येतो आणि दाब खालच्या. दोन्ही सर्वांत जास्त असतात ते भिंतीलगत. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात भिंतीत रोवलेली तुळईच रेखाटली होती. सगळा छेद ताणाखाली असतो असं धरल्यामुळे त्याचा ताकदीचा हिशेब तिपटीने चुकला, पण तुळई मोडेल ती भिंतीपाशीच, हे त्याने अचूक ओळखलं.

काँक्रीट दाबाला खंबीर, ताणाला कच्चं, म्हणून गॅलरीच्या मुख्य सळया वर. ड्रॉइंगमध्ये हे सहसा कोणी चुकवत नाही. घोळ होतो तो स्लॅब भरताना: घमेली घेऊन माणसं ये-जा करतात, व्हायब्रेटरची नळी ओढली जाते, आणि वरची जाळी उचलून धरणाऱ्या सळईच्या घोड्या, म्हणजे चेअर, विरळ असल्या तर ती पायाखाली दबते. १.२ मीटर बाहेर आलेली, भिंतीपाशी १५० मिलिमीटर जाडीची गॅलरी घ्या. त्यातून ३० मिलिमीटर कव्हर आणि १० मिलिमीटरच्या सळईची निम्मी जाडी वजा केली की कामाची खोली उरते ११५. सळई ३५ मिलिमीटर दबली तर ८०. लोखंड तेवढंच, बिलात फरक शून्य. ताकद मात्र सुमारे ३० टक्के गेली, आणि भेगाळलेल्या स्लॅबचा वाक जवळपास दुप्पट झाला.

यावर साइटवरचं ठरलेलं उत्तर, 'फॅक्टर ऑफ सेफ्टी आहे ना!' आहे की. आयएस ४५६प्रमाणे भारावर १.५, लोखंडावर १.१५; गुणाकार सुमारे १.७. तीस टक्के कापल्यावर उरतो १.२, तोही पहिल्याच दिवशी. गंज, कुंड्या, हौसेने बसवलेली ग्रिल यांचा हिशेब पुढेच आहे. शिवाय सलग स्लॅब एका जागी दमला तर थोडा भार शेजारी सरकवतो. गॅलरीला शेजारच नाही. 'मग दोन सळया जास्त टाका' हा सल्लाही फसवा, कारण त्याही त्याच पायाखाली येणार.

पडण्याआधी ती वाकून इशारा देईल, असंही म्हणतात. देते, पण भेग पडते वरच्या बाजूला, भिंतीच्या रेषेत, आणि तिथे असते फरशी. खालून पाहणाऱ्याला प्लास्टर धडधाकट दिसतं. पावसाचं पाणी फरशीच्या सांध्यांतून त्या भेगेत उतरतं आणि जिच्यावर सगळा भार आहे त्याच सळईला गंजवतं. म्हणून तपासणी काँक्रीट पडत असतानाच हवी, फिटरला शेजारी उभं करून: भिंतीलगत शटरिंगच्या प्लायपासून वरच्या सळईच्या मध्यापर्यंत टेप लावायची. ११५ भरले पाहिजेत.